पाणी प्यावे, लघवी अडवू नये

मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतेक वेळा बाहेरून येत नाही. तो ज्या जंतूमुळे होतो, तो रुग्णाच्याच मोठ्या आतड्यात मुक्कामाला असतो. ई. कोलाय हे त्याचे नाव. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो पाहून त्याचे वर्णन केले, आणि पुढे त्याच्याच नावावरून जंतूला नाव मिळाले. आतड्यात असताना तो सहसा कुणाला त्रास देत नाही. गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवरून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोचला आणि तिथून वर चढून मूत्राशयात शिरला, की लघवीला जळजळ, वारंवार आणि घाईने लघवी लागणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ होणे, कधी तिच्यात रक्त दिसणे, असा सगळा त्रास सुरू होतो. साध्या संसर्गांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक याच एका जंतूचे असतात. उरलेल्यांत क्लेबसिएला, प्रोटिअस, एन्टेरोकॉकस अशी मंडळी येतात.

ही गोष्ट आधी नीट कळली पाहिजे, कारण तिच्याबद्दलची सर्वांत पसरलेली समजूत नेमकी उलटी आहे. ‘बाहेरच्या संडासात गेले आणि इन्फेक्शन झाले’ असे सर्रास म्हटले जाते. अस्वच्छ स्वच्छतागृहातून जुलाबाचे जंतू हातावाटे पोटात जाऊ शकतात हे खरे. पण भांड्याला कातडी टेकली म्हणून जंतू उडी मारून मूत्राशयात जात नाहीत. घाणेरड्या स्वच्छतागृहाचे खरे नुकसान वेगळ्या वाटेने होते. त्याच्या धास्तीने बायका पाणी कमी पितात आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. प्रतिबंधाच्या दृष्टीने ज्या दोन सवयींना सर्वांत जास्त महत्त्व द्यावे, नेमक्या त्याच दोन तिथे मोडतात.

स्त्रियांना हा त्रास पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो, तर स्त्रीचा जेमतेम ४. शिवाय त्याचे तोंड योनी आणि गुदद्वार यांच्या अगदी जवळ. जंतूला चालायचे अंतर थोडे, आणि वाट सरळ. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो. तेव्हा तो झाला म्हणून कुणाच्या स्वच्छतेवर बोट ठेवण्याचे किंवा लाजून तो लपवण्याचे काही कारण नाही. हा लैंगिक संबंधातून एकाकडून दुसऱ्याला लागणारा रोगही नव्हे. संबंधांनंतर तो होऊ शकतो, पण जंतू बहुधा स्वतःचाच असतो.

शरीर मात्र हातावर हात ठेवून बसलेले नसते. मूत्रपिंडांत तयार होणारे युरोमोड्युलिन नावाचे प्रथिन लघवीत मिसळलेले असते. ते जंतूंना चिकटते आणि त्यांना घेऊन वाहून जाते. योनीमध्ये लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करून परिसर आंबट ठेवतात, त्यामुळे ई. कोलायला तिथे बस्तान बसवता येत नाही. आणि या सगळ्यांहून जुना, साधा बचाव म्हणजे लघवीची धार. दर काही तासांनी मूत्राशय पूर्ण रिकामे झाले, की आत शिरलेले जंतू वाढायच्या आत बाहेर फेकले जातात. यावर जंतूनेही उपाय शोधलेला आहे. त्याच्या अंगावर अतिशय बारीक तंतू असतात आणि त्यांच्या टोकाशी मूत्राशयाच्या अस्तराला पकडणारे प्रथिन असते. एकदा पकड बसली की नुसत्या धारेने तो हलत नाही. काही जंतू तर अस्तराच्या पेशींच्या आतही शिरतात. बरे वाटल्यानंतर काही आठवड्यांत त्रास पुन्हा उद्भवतो, त्यामागे हे एक कारण असावे असे मानले जाते. म्हणून जे करायचे ते पकड बसण्यापूर्वी केलेले बरे.

पाणी जास्त पिण्याचा सल्ला आजीही देते आणि डॉक्टरही. त्याला भक्कम पुरावा मात्र अलीकडे मिळाला. बल्गेरियात १४० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना वर्षातून तीन किंवा अधिक वेळा संसर्ग होत होता आणि ज्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेत होत्या, अशाच बायका निवडल्या होत्या. निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी अधिक प्यायला सांगितले, उरलेल्यांना नेहमीप्रमाणे राहू दिले. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटाला ३.२ वेळा. इतका स्वस्त आणि निर्धोक उपाय, आणि त्रास जवळजवळ निम्म्यावर. यातली मेख एवढीच, की या बायका मुळात पाणी कमी पिणाऱ्या होत्या. जी व्यक्ती आधीच भरपूर पाणी पिते तिने त्यावर आणखी चार तांबे रिचवले, तर तितकाच फायदा होईल असा याचा अर्थ नाही.

किती प्यायचे हे लिटरांत मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गर्द पिवळा किंवा तपकिरी झाला तर पाणी कमी पडते आहे. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला आणि पुण्यात पंख्याखाली बसून काम करणाऱ्याला एकच माप लागू पडणार नाही. पाणी दिवसभरात विभागून प्यावे. सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे आणि मग संध्याकाळपर्यंत काहीच नाही, याला फारसा अर्थ नाही. ताक, नारळपाणी, कोकम सरबत, धण्याजिऱ्याचे पाणी हेही द्रवच, फक्त साखर बेताने. चहा-कॉफीने संसर्ग होत नाही, पण आधीच जळजळ होत असेल तर ती वाढू शकते. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेल्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण ओलांडू नये.

उन्हाळ्यात ‘उन्हाळी लागली’ म्हणून जी जळजळ होते ती दर वेळी संसर्गाचीच असते असे नाही. घाम जास्त गेला, पाणी कमी पडले, की लघवी दाट होते आणि जाताना चुरचुरते. तीन-चार तासांत भरपूर पाणी, सरबत पोटात गेले की हा त्रास निवळतो. संसर्गाची जळजळ अशी पटकन जात नाही. तिच्या जोडीला थेंब थेंब पण सारखी लागणारी लघवी आणि ओटीपोटातली कळ असते. दिवसभर पाणी पिऊनही फरक पडला नाही, तर ‘उष्णता झाली’ म्हणत आठवडा काढण्यात शहाणपणा नाही.

आता दुसरी सवय. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते, आणि त्याच्या बरेच आधी संवेदना सुरू होते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायची संख्या दर वीस मिनिटांना दुप्पट होऊ शकते. लघवीत हा वेग कमी असतो, तरी सहा-आठ तास रोखून धरलेल्या लघवीत थोड्याशा जंतूंना वाढायला पुरेसा अवकाश मिळतो, हे उघड आहे. जागेपणी तीन-चार तासांनी एकदा तरी जावे आणि गेल्यावर घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसले की ओटीपोटाचे तळाचे स्नायू सैल पडतात आणि हे काम चांगले होते. बाहेरच्या कमोडवर न टेकता अर्धवट वाकून, तोल सांभाळत लघवी करण्याची जी रीत बहुतेक बायकांनी अंगवळणी पाडून घेतली आहे, तीत तेच स्नायू ताणलेले राहतात, धार मंदावते आणि थोडी लघवी आत उरते. भांडे पुसून किंवा कागद टाकून नीट बसणे हे त्याहून चांगले.

हे सांगणे सोपे आहे, पण जायला जागा असेल तर. एसटीच्या महिला वाहक, भर चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलीस, रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या, दिवसभर चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका पाणी का पीत नाहीत, हे कुणी त्यांना विचारायची गरज नाही. मुंबईत २०११ मध्ये काही संस्थांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, असा उफराटा कारभार तेव्हा सर्रास चालत होता. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला. स्त्रियांना रस्त्यावर, सार्वजनिक ठिकाणी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे मिळाली पाहिजेत आणि ती पुरवणे हे महापालिकांचे कर्तव्य आहे, असे त्यात बजावले. पुण्यात जुन्या झालेल्या बसगाड्यांचे रूपांतर स्त्रियांसाठीच्या स्वच्छतागृहात करण्याचा प्रयोगही झाला. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या कोपीपर्यंत मात्र यातले फारसे काही पोचलेले नाही. फडात ना आडोसा, ना पुरेसे पाणी, आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम. लघवी अडवू नका हा सल्ला अशा ठिकाणी मुकादमाला आणि कारखान्याला द्यायला हवा.

धुण्यापुसण्याच्या सवयींबद्दल जितके उपदेश होतात तितका पुरावा हाताशी नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि न होणाऱ्या तरुण स्त्रियांची तुलना केली होती. पुसण्याची दिशा, किंवा संबंधांनंतर लघवीला जाणे-न जाणे, यांत दोन्ही गटांत लक्षात येण्याजोगा फरक सापडला नाही. फरक होता तो संबंधांच्या वारंवारतेत, शुक्राणुनाशक मलमांच्या वापरात, लहानपणीच पहिला संसर्ग होऊन गेलेला असण्यात आणि आईलाही हाच त्रास असण्यात. म्हणजे यात थोडा वाटा जन्मजात घडणीचाही आहे. तरीही पुढून मागे धुणे शरीररचनेला धरून आहे आणि त्यात गमवायचे काही नाही. शौचानंतर पाणी आणि हात मागून पुढे येणार नाहीत, एवढे पाहावे. आपल्याकडच्या जेट स्प्रेचा जोरदार फवारा मागच्या बाजूने पुढे मारला की नेमके तेच होते. पुढची बाजू आधी, वेगळी धुवावी आणि शेवटी कोरडी करावी. संबंधांनंतर अर्ध्या तासात लघवीला जाऊन येणेही असेच, सिद्ध झालेले नसले तरी करायला सोपे. शुक्राणुनाशक लावलेले निरोध वापरणाऱ्यांनी मात्र ते खरोखरच बदलावेत, कारण त्या रसायनाने लॅक्टोबॅसिलस मरतात.

याच कारणाने ‘इंटिमेट वॉश’ नावाखाली विकल्या जाणाऱ्या सुगंधी बाटल्यांचा काही उपयोग नाही, आणि पाण्यात झाकणभर जंतुनाशक टाकून धुण्याची सवय तर अपायकारक आहे. बाहेरून साधे पाणी पुरते; योनीच्या आत काहीच घालून धुवायचे नसते. पाळीच्या दिवसांत पॅड चार ते सहा तासांनी बदलावे. कापड वापरत असल्यास साबणाने धुऊन थेट उन्हात वाळवावे. लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्यांखाली, सावलीत वाळत घातले जाते आणि दमट राहते. सुती अंतर्वस्त्रे, फार घट्ट नसलेले कपडे याने त्वचेला बरे वाटते, बुरशीचा त्रास कमी होतो; मूत्रमार्गाच्या संसर्गावर त्याचा परिणाम असलाच तर किरकोळ.

पाळी गेल्यानंतर चित्र बदलते. इस्ट्रोजेन कमी होते, योनीचे अस्तर पातळ आणि कोरडे पडते, लॅक्टोबॅसिलस नाहीसे होत जातात आणि ती जागा आतड्यातले जंतू घेतात. पन्नाशी-साठीच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच सारखे संसर्ग होऊ लागले, तर बहुधा कारण हे असते. तिच्या स्वच्छतेत काही कमी पडलेले नसते. इथे नुसते पाणी पुरत नाही. योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाचा उपयोग १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फारच ठळक दिसला होता. मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, नुसते बिनऔषधाचे मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. हे मलम स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच वापरायचे असते, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगायचे असते. सासूबाई किंवा आई ही गोष्ट स्वतःहून बोलणार नाहीत. घरातल्या कुणी तरी विचारावे लागते.

गरोदरपणी वाढत्या गर्भाशयाचा दाब आणि संप्रेरकांमुळे सैल पडलेल्या मूत्रवाहिन्या यांमुळे लघवी साचून राहते. या काळात लघवीत जंतू असूनही काहीच त्रास जाणवत नाही असे होऊ शकते, आणि उपचार न केल्यास अशा चार-पाच जणींपैकी एकीला मूत्रपिंडाचा संसर्ग होतो. म्हणून नाव नोंदवल्यावर होणारी लघवीची तपासणी टाळू नये. मधुमेहात लघवीतली साखर आणि मज्जातंतू बधिर झाल्याने पूर्ण रिकामे न होणारे मूत्राशय, अशी दुहेरी अडचण असते. साखर ताब्यात ठेवणे हाच तिथला पहिला उपाय. पुरुषांत पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडू लागली की संसर्गाची शक्यता वाढते. तरुण पुरुषाला तो झाला तर खडा किंवा अन्य कारण आहे का, हे तपासतात.

मुलांमध्ये कारण अनेकदा पोटात सापडते. बद्धकोष्ठाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते आणि ते पूर्ण रिकामे होऊ देत नाही. डब्यात भाजी, फळ, पुरेसे पाणी आणि सकाळी शौचाला शांतपणे बसू देणे, हा मूत्रमार्गाच्या संसर्गावरचाच उपाय आहे, हे पालकांच्या लक्षात येत नाही. शाळेतला वास सहन होत नाही म्हणून मुली घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत थांबतात. पालकसभेत गृहपाठाबरोबर स्वच्छतागृहाचाही विषय निघायला हवा. तान्ह्या बाळाला दुसरे काही कारण न सापडता ताप आला, तर लघवी तपासावीच लागते, कारण ते जळजळ सांगू शकत नाही.

क्रॅनबेरीचा रस आणि गोळ्या यांचे बरेच नाव झाले आहे. कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये ५० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये सुमारे एक चतुर्थांश घट दिसली, मुलांमध्ये त्याहून अधिक. गरोदर स्त्रियांत आणि वृद्धाश्रमांतल्या ज्येष्ठांत मात्र फायदा आढळला नाही. परवडत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण सुरू झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही. करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे, ती झाडे वेगळी. डी-मॅनोज नावाची साखरेची पूड जंतूची पकड सोडवते या तर्काने विकली जाते. ब्रिटनमधल्या ५९८ स्त्रियांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचा उपयोग दिसला नाही. धण्याजिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी यांनी थंडावा मिळतो आणि पाणी पोटात जाते, एवढा त्यांचा लाभ नक्की आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे सायट्रेटचे गोड औषध जळजळ शमवते, जंतू मारत नाही. ते लघवीची आम्लता कमी करते, आणि नायट्रोफ्युरँटॉइनसारख्या अँटिबायोटिकला आंबट लघवी मानवत असल्याने दोन्ही एकत्र घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारलेले बरे.

सवयी सगळ्या पाळूनही संसर्ग होतोच कधी कधी. त्या वेळी गेल्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या किंवा शेजारणीला लागू पडलेले औषध घेणे ही यातली सर्वांत वाईट सवय म्हणावी लागेल. एकेकाळी हुकमी ठरणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन अशा औषधांना भारतातले पुष्कळ ई. कोलाय आता दाद देत नाहीत, आणि त्याला अशा अर्धवट घेतलेल्या गोळ्या मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. त्रास वारंवार होत असेल, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी लघवीचे कल्चर करावे. बाहेरची बाजू धुऊन, पहिली धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत धरावी आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी. उलट काहीच त्रास नसताना, सहज केलेल्या तपासणीत जंतू दिसले, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेली असणे हे अपवाद वगळता औषध लागत नाही. वृद्धांना अशा अहवालावरून कारण नसताना अँटिबायोटिक्स दिली जातात. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या, किंवा म्हाताऱ्या माणसाला तापाबरोबर अचानक भ्रम होणे, ही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत किंवा रक्तात पोचल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.